प्रवासी सायकल, तुंब्यातील दंतचक्रांची

सामानासह लांबच्या प्रवासासाठी बांधलेली व वेगबदलाची दंतचक्रे (गिअर) मागील चाकाच्या तुंब्याच्या पोटात बंदिस्त असलेली सायकल. नेहमीच्या वेगबदलाच्या सायकलीत मागील चाकालगत लहानमोठ्या दंतचक्रांची चवड उघडी असते आणि एक स्प्रिंगयुक्त बाहू साखळीला एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलतो. प्रस्तुत प्रकारात बाहेर पुढे एक व मागे एक अशी दोनच दंतचक्रे दिसतात, साखळी सदैव एका रेषेत फिरते आणि वेगातील सर्व बदल तुंब्याच्या कवचाआड होतात. पाहणाऱ्यास ही सायकल साध्या एकवेगी सायकलीसारखीच वाटते.

अशा सायकलीचे गुण व मर्यादा या दोन्ही ज्या मुलखात कसास लागतात, त्याचे महाराष्ट्रातील चांगले उदाहरण म्हणजे जव्हार व मोखाडा हे तालुके होत. पूर्वी ठाणे जिल्ह्यात असलेले हे तालुके १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडतात. किनाऱ्याची सखल पट्टी व सह्याद्रीची मुख्य रांग यांच्या दरम्यानचा हा डोंगराळ टप्पा वैतरणा, पिंजाळ व त्यांना मिळणाऱ्या ओहोळांनी ठिकठिकाणी चिरला गेला आहे. पूर्वीच्या जव्हार संस्थानची राजधानी असलेले जव्हार गाव समुद्रसपाटीपासून सु. ४५० मी. उंचीवर वसले आहे. मनोरहून विक्रमगडमार्गे जव्हारला, तेथून मोखाड्यास व पुढे तोरंगण घाटाने त्र्यंबकेश्वरला जाणारा रस्ता मुंबई व नाशिककडील सायकलप्रवाशांच्या परिचयाचा आहे. या रस्त्यावर एकदा घाट चढला म्हणजे काम संपले असे होत नाही. मिळविलेली उंची पुढच्या नदीपर्यंत उतरून घालवावी लागते व पुन्हा कमवावी लागते. त्यामुळे नकाशावरील दोन गावांच्या उंचीत जेवढा फरक दिसतो त्याहून प्रत्यक्ष चढण पुष्कळच अधिक भरते. पावसाळ्याच्या चार महिन्यांत येथे धो धो पाऊस पडतो व पाड्यांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर चिखल होतो. उन्हाळ्यात त्याच चिखलाची धूळ होते. रेल्वे येथवर आलेली नाही. गावातील दुकानांत साध्या सायकलीचे सुटे भाग मिळतात, पण तुंब्यातील दंतचक्रांचे मिळत नाहीत. चढ, चिखल आणि दुरुस्तीच्या सोयीचा अभाव या तिन्ही गोष्टींचा एकत्र विचार करूनच येथे अशी सायकल निवडावी लागते व तीत फेरबदल करावे लागतात.

इतिहास : इंग्लंडमधील विल्यम राइली यांनी १८९६ मध्ये दोन वेगांच्या तुंब्याचे एकस्व (पेटंट) घेतले. त्यानंतर काही वर्षांतच नॉटिंगहॅम येथील रॅले कंपनीच्या आश्रयाने तीन वेगांचा तुंबा तयार झाला. हेन्री स्टर्मी व जेम्स आर्चर यांच्या नावांवरून तो ‘स्टर्मी-आर्चर’ म्हणून जगभर ओळखला जाऊ लागला. मूळ कल्पनेतील राइली यांचा वाटा मात्र या नावात आला नाही. १९३६ मध्ये या कंपनीने बाजारात आणलेला ‘एडब्ल्यू’ हा तीन वेगांचा तुंबा इतका साधा व टिकाऊ ठरला की, अनेक दशके तो जवळजवळ त्याच स्वरूपात बनत राहिला. २००० मध्ये कंपनीचा व्यवसाय तैवानच्या सनरेस या कंपनीकडे गेला. जपानच्या शिमानो कंपनीने सात, आठ व पुढे अकरा वेगांचे तुंबे काढले. लांब पल्ल्याच्या प्रवाशांच्या दृष्टीने मोठा टप्पा १९९८ मध्ये आला. त्या वर्षी जर्मनीतील रोलॉफ कंपनीने चौदा वेगांचा तुंबा विक्रीस आणला. सर्वांत वरचा वेग सर्वांत खालच्या वेगाच्या सव्वापाच पट असलेला हा तुंबा डोंगराळ प्रवासासाठी बाहेरच्या दंतचक्रांची बरोबरी करणारा पहिलाच म्हणता येईल.

भारतात इंग्लंडहून आयात होणाऱ्या काही सायकलींना तीन वेगांचा तुंबा असे. स्वातंत्र्यानंतर आसनसोल, मद्रास, सोनीपत, लुधियाना इ. ठिकाणी सायकलींचे कारखाने मोठ्या प्रमाणावर चालू लागले, तरी त्यांतून बाहेर पडलेली बहुसंख्य काळी सायकल एकवेगीच राहिली. किंमत कमी ठेवणे व कोणत्याही गावी दुरुस्ती होऊ शकणे यांना गंगेच्या मैदानात जे महत्त्व होते तेच घाटमाथ्याखालच्या मुलखातही धरले गेले. चढाचा विचार झाला नाही. लांबच्या सायकलप्रवासाची परंपरा मात्र महाराष्ट्रात जुनी आहे. मुंबईच्या आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भुमगरा यांनी १९२३ ते १९२८ या काळात सायकलवरून जगप्रवास पुरा केला, तर पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी यांनी २०१८ मध्ये एकटीने पृथ्वीप्रदक्षिणा केली.

रचना व कार्य : तुंब्याच्या आत ग्रहीय दंतचक्रमाला असते. मध्यभागी आसाला जखडलेले सूर्यचक्र, त्याभोवती फिरणारी लहान ग्रहचक्रे, त्यांना धरून ठेवणारा ग्रहवाहक आणि या सर्वांना वेढणारे, आतल्या बाजूस दाते असलेले वलयचक्र अशी तिची मांडणी असते [⟶ दंतचक्र]. एडब्ल्यू तुंब्यात सूर्यचक्राला २० व वलयचक्राला ६० दाते आहेत. साखळीने ग्रहवाहक एक फेरा फिरविला तर वलयचक्र १ अधिक २० भागिले ६०, म्हणजे १.३३ फेरे फिरते. ही गती चाकास दिली की वरचा वेग मिळतो. उलट साखळीने वलयचक्र फिरविले व गती ग्रहवाहकाकडून चाकास दिली, तर साखळीच्या एका फेऱ्यास चाकाचे ०.७५ फेरे होतात. हा खालचा वेग. मधल्या वेगात वलयचक्राची गती जशीच्या तशी चाकाला मिळते. यांपैकी कोणता भाग कोणाशी जोडायचा हे आसाच्या पोकळीतून जाणारी बारीक साखळी व तिला बांधलेली तार ठरविते. आठ किंवा चौदा वेगांच्या तुंब्यांत अशाच दोन किंवा तीन माला एकापुढे एक बसविलेल्या असतात.

सूर्यचक्र आसाला जखडलेले असल्यामुळे पेडलवरील जोराची प्रतिक्रिया आसावर येते व आस स्वतःच फिरू पाहतो. साध्या सायकलीच्या आसावर असा जोर येत नाही. आसाला रोखण्यासाठी सांगाड्याच्या खाचेत अडकणाऱ्या दातेरी चकत्या (वायसर) वा एक आडवा बाहू लागतो. या चकत्या क्षुल्लक वाटतात. पण त्या उलट्या बसल्या किंवा गहाळ झाल्या, तर आस फिरून तार तुटते व खाचही फाटते.

ग्रहीय दंतचक्रांत घर्षणाने वाया जाणारी शक्ती बाहेरच्या, स्वच्छ व तेल दिलेल्या यंत्रणेपेक्षा साधारणपणे दोन-तीन टक्क्यांनी अधिक असते. ही तुलना स्वच्छ यंत्रणेशी आहे. जुलै महिन्यात मोखाड्याच्या रस्त्यावर उघडी दंतचक्रे तासाभरात चिखलाने माखतात व हा फायदा राहत नाही. बंद तुंब्याला तेथे फरक पडत नाही. शिवाय साखळी एकाच रेषेत राहत असल्याने तिला सर्व बाजूंनी झाकणारे पत्र्याचे आवरण बसविता येते. जुन्या काळ्या सायकलीवरील हे पूर्ण आवरण अनेकांना कालबाह्य वाटते, परंतु पावसाळी प्रवासात साखळीचे आयुष्य वाढविण्याचा त्याहून स्वस्त उपाय नाही. मागच्या चाकाची एक बाजू दंतचक्रांच्या चवडीने अडविलेली नसल्यामुळे दोन्हीकडचे आरे (स्पोक) जवळजवळ सारख्याच ताणात राहतात व ओझ्याखाली चाक अधिक काळ सरळ राहते.

चढ व गुणोत्तर : फेरबदलांतील मुख्य प्रश्न पुढील व मागील दंतचक्रांच्या दात्यांचा असतो. स्वार, सायकल व सामान मिळून ९५ किग्रॅ. वजन धरले, तर ८ टक्के चढावर (१०० मी. अंतरात ८ मी. उंची) रस्त्याच्या घर्षणासह सु. ८.४ किग्रॅ. इतका जोर चाकाला सतत पुढे लावावा लागतो. पेडलवर तो किती होऊन येतो हे एका फेऱ्यात सायकल किती अंतर जाते यावर अवलंबून असते. पुढे ४४ व मागे १८ दात्यांच्या साध्या काळ्या सायकलीत हे अंतर सु. ५.४५ मी. असून पेडलवर सरासरी ४३ किग्रॅ. भार द्यावा लागतो. म्हणून माणूस अशा चढावर उतरून सायकल ढकलतो. त्याच सायकलीत तीन वेगांचा तुंबा घातला तर खालच्या वेगात हा भार ३२ किग्रॅ.वर येतो, मागील दंतचक्र २२ दात्यांचे केले, तर २६ वर. आठ वेगांच्या शिमानो नेक्सस तुंब्याचा सर्वांत खालचा वेग सरळ वेगाच्या ०.५२७ पट आहे. पुढे ४२ व मागे १८ दाते असताना भार सु. २१ किग्रॅ. भरतो, ३८ व २० केल्यास तो १७ किग्रॅ. होतो. चौदा वेगांच्या रोलॉफ तुंब्यात ३८ व १७ दात्यांनी तो ११ किग्रॅ.पेक्षाही कमी होतो.

भाराइतकाच शक्तीचाही विचार करावा लागतो. मिनिटाला ६० फेरे या बेताच्या गतीने पेडल मारल्यास वरील आठ वेगांची सायकल (३८ व २० दाते) ताशी ७.९ किमी. वेगाने चढते व त्यासाठी सु. १८० वॉट शक्ती लागते. सराव नसलेल्या माणसास ती फार वेळ देता येत नाही. त्याला फेरे मंद करून गुडघ्यांवर ताण घ्यावा लागतो. चौदा वेगांच्या सायकलीवर तोच माणूस ताशी ४.९ किमी. वेगाने, सु. ११२ वॉट खर्चून, बसल्या बसल्या वर जातो. हा वेग चालण्याएवढाच असल्याने खर्चाचे समर्थन होते का, असा प्रश्न विचारला जातो. चालणाऱ्याला सामानाने लादलेली सायकल ढकलावी लागते हे त्याचे उत्तर होय.

गुणोत्तर वाटेल तितके कमी करता येत नाही. मागील दंतचक्र मोठे किंवा पुढील लहान केले की पायाच्या त्याच जोराने तुंब्याच्या आत अधिक पीळ पोहोचतो आणि आतील दाते व खिट्या त्या पिळाला पुरे पडतीलच असे नाही. म्हणून निर्माते किमान गुणोत्तर ठरवून देतात. बाहेरच्या दंतचक्रांच्या सायकलीत लोभाने लावलेले मोठे चक्र फार तर साखळी पाडते; येथे तोच लोभ तुंब्याचे पोट फोडतो व हे घाटात मधोमध कळते.

सांगाड्यातील फेरबदल : भारतीय पोलादी सायकल या कामासाठी वाटते तितकी गैरसोयीची नाही. मागील आसासाठी तिच्या सांगाड्यात आडव्या खाचा असतात. साखळी ताणून बसविण्यासाठी त्या लागतातच; उभ्या खाचांच्या नव्या सांगाड्यात ताण देणारी वेगळी कप्पी लावावी लागते. अडचण रुंदीची असते. तीन वेगांचा तुंबा जुन्या सांगाड्यात विशेष खटपट न करता बसतो, पण आठ वेगांच्या नेक्सस तुंब्याला १३२ मिमी. व रोलॉफला १३५ मिमी. जागा लागते. पोलादी सांगाड्याचे मागचे पाय थंड स्थितीतच सावकाश फाकवून ही जागा करता येते. मात्र फाकविल्यावर दोन्ही पाय मध्यरेषेपासून समान अंतरावर आहेत का हे दोरा लावून पाहिले पाहिजे. ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर हा प्रयोग करू नये, तो तडकतो.

दुसरी अडचण छिद्रांची. जुन्या इंग्रजी पद्धतीच्या काळ्या सायकलीत पुढच्या चाकाला ३२ व मागच्याला ४० आरे असतात, तर आता मिळणारे बहुतेक तुंबे ३६ किंवा ३२ छिद्रांचे आहेत. त्यामुळे रिमही बदलावी लागते. तुंबा जाड असल्याने आरे नेहमीपेक्षा आखूड लागतात व ते मोजून कापून घ्यावे लागतात. नवी रिम निवडताना व्यास बदलतो हेही लक्षात घ्यावे लागते. २८ × १½ या भारतीय टायरची बैठक ६३५ मिमी. व्यासाची, तर सध्याच्या प्रवासी सायकलींची ६२२ मिमी. असते. नव्या मापाचे रुंद टायर शहरात मिळतात. जुन्या मापाचे टायर मात्र खेड्यातल्या दुकानातही मिळू शकतात. जव्हारच्या पुढे जाणाऱ्या प्रवाशाने या दोहोंतील निवड विचारपूर्वक करावी.

ब्रेकचा प्रश्न उतारावर येतो. सळईने ओढले जाणारे जुने ब्रेक व पोलादी रिम ही जोडी पावसात जवळजवळ निरुपयोगी होते. काही तुंब्यांना जोडून मिळणारा रोलर ब्रेक पाण्याला दाद देत नाही, पण लांब उतारावर तापून त्याची पकड सैल होते. त्र्यंबकेश्वरकडून मोखाड्याकडे ओझ्यासह उतरताना ते धोक्याचे ठरते. अशा वापरासाठी पुढील चाकास चकती ब्रेक किंवा मोठा ड्रम ब्रेक असणे इष्ट होय.

पाणी व वंगण : बंद तुंबा म्हणजे जलाभेद्य तुंबा नव्हे. चिखल, धूळ व पावसाचे शिंतोडे तो थोपवितो. तथापि उन्हात व चालण्याने तापलेला तुंबा ओहोळाच्या थंड पाण्यात बुडाला, तर आतील हवा आकुंचन पावते व आसाजवळच्या फटींतून पाणी आत ओढले जाते. म्हणून फरशीवरून गुडघाभर पाणी वाहत असेल तर सायकल उचलून न्यावी. पाणी शिरल्याची शंका आली तर तेल बदलणे लांबणीवर टाकू नये, कारण आतला गंज बाहेरून दिसत नाही. जुन्या एडब्ल्यू तुंब्याला तेलाचे छिद्र असते व त्यातून अधूनमधून चमचाभर पातळ तेल घातले की काम भागते. रोलॉफमध्ये दर ५,००० किमी. अंतराला किंवा वर्षाने तेल बदलतात. शिमानोच्या तुंब्याचा आतला भाग बाहेर काढून तेलात बुडवावा लागतो; हे काम प्रवासापूर्वी घरी करून ठेवण्याचे आहे.

वाटेतील बिघाड : तार तुटल्यावर सायकल कोणत्या वेगात अडकते, ही माहिती निवडीच्या वेळी क्वचितच विचारात घेतली जाते, घाटात मात्र तीच निर्णायक ठरते. एडब्ल्यू तुंबा तार सुटली की वरच्या, म्हणजे सर्वांत जड वेगात जातो. त्यावर जुना व खात्रीचा उपाय असा की, आसातून बाहेर येणारी बारीक साखळी हाताने ओढून तारेच्या तुकड्याने सांगाड्याला बांधून टाकावी. मग खालचा किंवा मधला वेग कायम मिळतो. आठ वेगांचा नेक्सस तुंबा तार तुटल्यावर पहिल्या वेगात जातो. चढावर ते सोयीचे असते, सपाटीवर मात्र पाय भराभर फिरवून सायकल रांगत राहते. रोलॉफमध्ये वेगांचे टप्पे तुंब्यातच ठरलेले असतात. त्यामुळे बाहेरील पेटी काढून ८ मिमी.च्या पान्याने हवा तो वेग लावून ठेवता येतो. एडब्ल्यूचा आणखी एक दोष म्हणजे तार नीट लावलेली नसल्यास मधल्या व वरच्या वेगांच्या मध्ये पेडल एकाएकी मोकळे सुटते. उभे राहून पेडल मारणारा स्वार अशा वेळी तोंडघशी पडतो. दुसऱ्या वेगात असताना आसातील सळईचे टोक आसाच्या टोकाशी समपातळीत आहे ना, हे निघण्यापूर्वी पाहिले की हा अपघात टळतो.

मागचे चाक काढणे हे या सायकलीतील सर्वांत कटकटीचे काम. तार सोडविणे, चकत्या, १५ मिमी.चे नट, साखळीचे आवरण असा सारा पसारा होतो. पण पंक्चर काढण्यासाठी चाक काढायची गरज नसते. रस्त्याकडेचा भारतीय पंक्चरवाला कधीच चाक काढत नाही. टायरची एक कड उचलून ट्यूब बाहेर ओढतो, पाण्याच्या घमेल्यात बुडवून छिद्र शोधतो व तेथेच ठिगळ लावतो. परदेशी माहितीपुस्तके या पद्धतीचा क्वचितच उल्लेख करतात, पण या तुंब्यांना तीच सर्वांत योग्य आहे. ट्यूब बदलावीच लागली तरच चाक खाली काढावे. त्यासाठी पाना, मापाने कापून ठेवलेली जादा तार, दोन जादा चकत्या व काही आरे सामानात असले म्हणजे जव्हार ते त्र्यंबकेश्वर या टप्प्यात कोणावर अवलंबून राहावे लागत नाही. आतील दंतचक्र मोडल्यास मात्र वाटेत इलाज नाही. तुंबा उकलण्याची साधने व भाग त्या मुलखात नसल्याने सायकल वाहनात घालून नाशिक वा मुंबईस न्यावी लागते. असा बिघाड बाहेरच्या यंत्रणेतील बिघाडांपेक्षा विरळा असतो, पण झाला की प्रवास तेथेच थांबतो.

किंमत व स्थानिक उपयोग : चौदा वेगांच्या परदेशी तुंब्याची किंमत साध्या मोटारसायकलीच्या घरात जाते. आठ वेगांचा तुंबा त्याहून पुष्कळ स्वस्त व तीन वेगांचा आणखी स्वस्त असला, तरी रिम, आरे व मजुरी धरता तोही मूळ काळ्या सायकलीच्या किंमतीशी स्पर्धा करतो. त्यामुळे या सायकली आतापर्यंत मुख्यतः शहरांतून येणाऱ्या हौशी प्रवाशांपुरत्या राहिल्या आहेत. पाड्यावरून शाळेला किंवा बाजाराला जाणाऱ्या रहिवाशाच्या हाती एकवेगी सायकल असते व चढावर ती ढकलावी लागते. तिच्यातही थोडी सुधारणा होऊ शकते. मागील १८ दात्यांचे फ्रीव्हील काढून २२ दात्यांचे बसविले व साखळीत दोन कड्या वाढविल्या, तर वर हिशेबात धरलेल्या चढावरील ४३ किग्रॅ. भार ३५ किग्रॅ.वर येतो. हे काम गावातल्या सायकल-दुकानात होण्यासारखे आहे. सपाटीवर वेग कमी पडतो खरा, पण जव्हार-मोखाड्यात सपाट रस्ता फारसा नाही.